दिवे किती दिसतात?

माझा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे बघत आला. नाकात बघण्यासारखं काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. लहानपणी घरचे म्हणायचे, "मोठी झाली की सुटेल." मी मोठी झाले, लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, माझे केस पिकायला लागले. डोळा होता तिथेच. उरणकडच्या आमच्या गावात तेव्हा तिरळेपणाला कुणी दुखणं म्हणत नसे. कुणाला सहावं बोट असतं, कुणाच्या गालावर लासं असतं, तसंच हे. उलट शेजारणी आईला सांगायच्या, "नशीबवान असतात गो अशा पोरी." आईही मान डोलवायची. ते नशीब नेमकं कधी उजाडणार, ते कुणी सांगितलं नाही.

लग्न जमवायच्या वेळी स्टुडिओतला फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा खाली बघा." हुशार माणूस. त्या फोटोवरून सासरच्यांनी ठरवलं की मुलगी फार लाजाळू आहे. बघायला आले तेव्हाही मी मान वर केली नाही, तेही लाजेच्या खात्यात जमा झालं. हा गैरसमज दूर करण्यात माझा पुढचा सगळा संसार गेला.

पनवेलजवळच्या एका शाळेत मी लहान वर्गांना शिकवते. फळ्यापाशी उभी राहून "तू ऊठ" म्हटलं की एक तर तिघं उठायची, नाहीतर कुणीच नाही. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मी सगळ्या वर्गाची नावं पाठ करून टाकायचे. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर कौतुक करायचे, "बाईंची स्मरणशक्ती बघा." मी स्मरणशक्तीबद्दल आभार मानून खाली बसायचे. घरी नवऱ्याशी बोलत असले की तो मधेच मागे वळून बघायचा, कोण आलं म्हणून. करंजाहून मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण तेवढी माझ्यावर खूश असायची. "बाय, तुजा एक डोला माज्यावर, एक पाटीवर. तुला फसवायची सोय नाय," असं म्हणून ती हमखास शिळा बोंबील माझ्याच गळ्यात मारायची.

चाळिशीचा चष्मा लावायला गेले तेव्हा गोष्ट निघाली. डोळ्यांचे डॉक्टर पनवेलला आठवड्यातून दोनदा यायचे. साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे. चष्म्याचा नंबर काढून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, हा डोळा सरळ होऊ शकतो."

"या वयात?" मी विचारलं.

"वय चष्म्याचं आहे. स्नायूंचं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याला दोन्ही बाजूंनी स्नायू असतात, बैलाच्या कासऱ्यासारखे. माझा आतला स्नायू जास्त ओढत होता. तो सैल करायचा, बाहेरचा आखडायचा. काम मोठं नव्हतं, पण एक अडचण होती. इतकी वर्षं माझा मेंदू डाव्या डोळ्यातलं चित्र मनावरच घेत नव्हता. डोळा जागेवरून हलला की ते चित्र नव्या जागी येणार, आणि एकाच्या जागी दोन दिसू शकणार. काहींचं ते आपोआप जातं, काहींचं राहतं. "म्हणून मी एक दोरा सुटा ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुम्हाला जागेपणी विचारून, ओढून-सैल करून, मग गाठ मारायची. ते तुमच्या सांगण्यावर आहे."

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंना हे पटलं नाही. "आजवर काय अडला हाय? दोन येळा जेवतस ना त्याच डोल्यांनी?" नवरा म्हणाला, "तुला वाटत असेल तर कर," म्हणजे नेहमीप्रमाणे काहीच म्हणाला नाही. बोलली ती मुलगी. "आई, तू माझ्यावर चिडतेस ना, तेव्हा मला वाटतं तू फ्रीजवर चिडलीयेस."

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री भांडी आवरताना ते वाक्य जाईना. मला सुंदर वगैरे दिसायचं नव्हतं; ती गाडी केव्हाच निघून गेली होती. मी ज्याच्याकडे बघते त्याला कळावं की ही माझ्याकडे बघतेय, एवढंच मला हवं होतं. पोटच्या पोरीलाही ते कधी धड कळलं नव्हतं. दोन दिसायला लागले तर शाळेचं काय, फळ्याचं काय, हा विचार मी केला आणि ऑपरेशनला हो म्हटलं.

आता इथे आमच्या माहेरच्या वळणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. आम्ही मिठागरावरची माणसं. आमच्यात पाहुणा जेवायला बसला की वाढणाऱ्याने आग्रह करायचा आणि जेवणाऱ्याने "पुरे, पुरे, पोट भरलं" म्हणायचं, मग पोटात कावळे का ओरडेनात. आई तापाने फणफणली असली तरी विचारणाऱ्याला "बरी आहे" म्हणायची, कारण खरं सांगितलं तर तो बिचारा काळजीत पडेल. हे मी तिच्याकडून पुरेपूर उचललं. शिंप्याने ब्लाउज काखेत आवळून शिवला तरी "छान बसलाय" म्हणून घ्यायचा आणि घरी येऊन उसवायचा. रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं तरी "इथेच उतरायचं होतं" म्हणून उतरायचं आणि तो दिसेनासा झाला की चालायला लागायचं. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढीच काय ती आमची इस्टेट.

ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत झालं. भूल होती, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी दोरा बांधायला बोलावलं. नवऱ्याने कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या नोकरीतून अर्धी रजा काढली होती. आमच्या आधी बरीच मंडळी होती. दवाखान्यातला पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. माझा नंबर लागला तेव्हा दुपार उलटून गेली होती. आत गेले तर नर्स दुसऱ्या नर्सला हळू आवाजात सांगत होती, "सरांनी अजून डबा उघडला नाहीये. सकाळपासून पाणीसुद्धा नाही." ती ते मला सांगत नव्हती. पण मी ऐकलं, आणि तिथेच माझा घात झाला.

डॉक्टरांनी पट्टी काढली. डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले. समोरच्या भिंतीवर एक छोटा दिवा लावलेला होता. "त्या दिव्याकडे बघा," ते म्हणाले. "किती दिसतात?"

दिवे दोन होते. शेजारी शेजारी, एक जरा खाली, एकाच घरात दिलेल्या पण एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखे.

मी डॉक्टरांकडे बघितलं. तेही दोन होते, आणि दोघांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. दोघंही उपाशी. माझ्या मनात आलं, भिंतीवर दोन दिवे कोण कशाला लावील? दिवा तर एकच असणार. मी जन्मभर मुलांना प्रश्न नीट वाचून बरोबर उत्तर द्यायला शिकवत आले. 'टोपलीत आंबे किती' म्हटलं की आंबे मोजायचे, टोपलीकडे बघून काय वाटतं ते लिहायचं नाही. बरोबर उत्तर मला येत होतं.

"एक," मी म्हणाले.

"नक्की? आता गाठ मारतोय. मारली की मारली."

"नक्की."

त्यांनी गाठ मारली. मी उठून, हात जोडून, "तुम्ही आधी जेवून घ्या," असं त्या दोघांतल्या मला उजव्या वाटलेल्याला सांगितलं आणि दरवाजा समजून शेजारच्या भिंतीकडे निघाले. नर्सने दंडाला धरून बाहेर आणलं. तिला वाटलं, चक्कर आली.

घरी आरशात बघितलं. डोळा लालभडक होता, लवंगी मिरचीसारखा, पण मधोमध. मी किती तरी वेळ बघत राहिले. अर्थात आरशात आम्ही दोघी होतो, दोघींचेही डोळे सरळ होते. शेजारच्या बायका बघून गेल्या. "अगंबाई, किती वेगळी दिसतेस," असं म्हणून गेल्या. मुलीने समोर बसवून मला आपल्याकडे बघायला लावलं आणि तिच्याच डोळ्यात पाणी आलं. तिला काय सांगणार, की मला दोन मुली दिसतायत आणि दोघीही रडतायत?

सासूबाई सगळ्यात हुरळल्या. आधी नको म्हणणाऱ्या त्याच. "इतका चांगला झाला हाय, कुनाची नजर लागाला नको," म्हणाल्या, आणि मी पलंगावर पडलेली असताना माझी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून घेतल्या आणि त्या तापल्या तव्यावर टाकल्या, तवाही आमच्याच खोलीत आणून. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मिरचीची धुरी देणारं आमचं घर जगात एकच असेल. आम्ही सगळे खोकत गॅलरीत पळालो. सासूबाई स्वतः पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघ किती नजर व्हती. नायतर एवढा ठसका नाय लागत." मी म्हटलं, "हो ना, आई."

पुढचे दिवस नुसते रेटले. सकाळ, दुपार, संध्याकाळ थेंब घालायचे. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, त्या उकाड्यात. टाके पापणीच्या आत टोचायचे, वाळू गेल्यासारखे. पण खरा शिणवटा होता तो दोनाचा. जिन्याच्या पायऱ्या दुप्पट व्हायच्या आणि मी त्यातल्या नसलेल्या पायरीवर पाय द्यायचे. चहा कपाच्या शेजारी ओतायचे. नवरा जेवायला बसला की दोन नवरे एकदम "मीठ कमी आहे" म्हणायचे. एकाचंच ऐकून ऐकून मी थकले होते, तिथे हे. दुपारपर्यंत कपाळात ठणका लागायचा. मी अंथरुणावर पडून दोन्ही डोळे मिटून घ्यायचे. तेवढीच जागा अशी होती जिथे काही दोन नव्हतं.

मग मला युक्ती सापडली. एक डोळा मिटला की सगळं एक व्हायचं. मी एका डोळ्याने वावरायला लागले. इमारतीच्या वॉचमनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गडबडून खुर्चीतून उठला. दुसऱ्या दिवशी त्याने मला नमस्कार केला नाही. कोळणीने पाटी उतरवली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "काय गो बाय, डोला मारतंस? आता या वयात मी काय करू तुजा?"

घरात एका संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, मी पाणी दिलं आणि बघताना डोळा मिटला. तो क्षणभर थांबला. इतक्या वर्षांत असं काही आमच्यात घडलेलं नव्हतं. त्याने मुलीकडे बघितलं, मग हळूच मला म्हणाला, "काय गं?"

मुलगी मात्र माझ्याचकडे बघत होती. "आई, बोटं किती?" तिने एकदम हात वर केला.

"तीन," मी म्हटलं. बोटं दोन असावीत असा अंदाज होता, पण चार दिसत होती, म्हणून मी मधला मार्ग काढला.

"तुला दोन-दोन दिसतात," ती म्हणाली. "कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, डब्यासकट. नवरा सोफ्यावर बसला. "म्हणजे डॉक्टरांनी विचारलं आणि तू खोटं सांगितलंस?"

"खोटं कुठे? दिवा एकच होता."

"आई!" मुलगी ओरडली. "तुझ्या डोळ्यांची परीक्षा चालली होती की गणिताची?"

"आता काही बोलू नका," मी म्हणाले. "गाठ मारून झालीये. त्यांना जाऊन काय सांगायचं? त्यांना किती वाईट वाटेल."

यावर नवऱ्याने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "मला सांग, मागच्या महिन्यात मी ती नवी चादर आणली. तुला आवडली होती ना?"

मी एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिले. तो उठून हातपाय धुवायला गेला.

तपासणीचा दिवस तसाही जवळच आला होता. मी जाताना रिक्षात मनाशी ठरवत होते की दोन दिसले तर दोन सांगायचं. सोपं होतं. दुसरीतलं पोर सांगेल. तरी दवाखान्याच्या पायऱ्या मी कठड्याला धरून, सावकाश चढले. मला मनातून असंही वाटत होतं की नको, आता पुरे. एक डोळा मिटून उरलेलं आयुष्य काढता येतं. लोकांना काय, दोन दिवस हसतील आणि सवय होईल. डोळा सरळ दिसतोय ना? मग दिसू दे की दोन. मी दमले होते, खरंच. पण एक डोळा मिटून मुलीकडे बघितलं की ती नजर परत अर्धीच व्हायची. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

त्या दिवशीही बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळा बघितला, मान हलवली. "छान बसलाय."

शिंप्याला मी जे सांगत आले तेच शब्द. मी बोलून टाकलं, "डॉक्टर, मला दोन दिसतात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी टॉर्च बंद केला. "मी विचारलं तेव्हा तुम्ही एक म्हणालात."

"दिवा एकच होता, डॉक्टर."

ते स्टूल ओढून बसले. रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत. नुसतेच दमलेले दिसले, दोन्ही. "बाई, भिंतीवर दिवे किती आहेत ते मला माहीत आहे. मीच लावलाय तो. डोळा सरळ आहे की नाही, तेही मला बाहेरून दिसतं. तुम्हाला आतून काय दिसतं तेवढं मला दिसत नाही. त्यासाठी तुम्ही लागता."

मी मान खाली घातली. लग्न जमवायच्या फोटोत घातली होती तशी नाही. ही खरीच लाजेची होती.

"आता परत कापायचं का?" मी विचारलं.

"लगेच नाही. आधी काचेने जमतं का बघू. तीन-चार महिने जातील, चिकाटी लागेल. नाहीच जमलं तर मग पुन्हा टेबलावर." त्यांनी नर्सला एक खोकं आणायला सांगितलं. त्यात तिरप्या काचा होत्या, एकीपेक्षा एक जाड. चष्म्यावर तशीच एक पातळ चकती चिकटवून दोन चित्रं जवळ आणायची आणि मेंदूला हळूहळू सवय करायची, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यापुढे एक काच धरली. "दिव्याकडे बघा. आता?"

"दोन."

"कसे? जवळ आले?"

"हो. जरा जवळ." मी थांबले. "पण डावा अजून खाली आहे."

दुसरी काच. "आता?"

"दोन. एकमेकांवर चढलेत."

दारातून एका म्हाताऱ्या बाबांनी डोकं आत घातलं आणि आमचा नंबर कधी म्हणून विचारलं. नर्स म्हणाली, बसा. नवरा बाहेरून खाकरला. त्याची खाकर मी ओळखते. तिचा अर्थ 'अगं, लोक खोळंबलेत' असा असतो. माझ्या जिभेवर 'एक' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत.

"दोन," मी म्हणाले.

डॉक्टरांनी काच बदलली, मग एक वळवली. दिवे सरकले. एकाची कड दुसऱ्यात गेली, मधे जराशी काळी फट राहिली, मग तीही मिटली. मी घाईने काही बोलले नाही. पापण्या मिटून उघडल्या. मान सरळ धरली. पुन्हा बघितलं.

"एक," मी म्हणाले.

"भिंतीवर एकच आहे म्हणून?"

"नाही. दिसतोय म्हणून."

ते पहिल्यांदा हसले. काचेचा नंबर नर्सला सांगून, गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"पण डॉक्टर," मी म्हणाले, "डावीकडे बघितलं की परत फुटतोय."

डॉक्टर पुन्हा खाली बसले.